नाव गावाला, बिऱ्हाड नाशकात

नमस्कार मंडळी.

मी महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं वर्गाबरोबर आणखी एक काम माझ्याकडे होतं, बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं. नवीन नाशिकमधल्या, म्हणजे आपल्या तोंडी असलेल्या सिडकोतल्या, एका केंद्राची यादी माझ्याकडे होती. साधारण अकराशे नावं. ती घेऊन दारोदार जायचं. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली, कोणाला अठरा पूर्ण झाली, कोण नवीन राहायला आलं, हे विचारून लिहायचं. आज मला घर, पैसा आणि मतदान या तीन गोष्टींत जुनी आणि नवी पिढी एकमेकांपासून का लांब गेली, यावर बोलायला सांगितलं आहे. मी जे सांगणार आहे ते बरंचसं त्या यादीच्या पानांवरून शिकलेलं आहे.

मतदार यादी घरांच्या क्रमाने लावलेली असते. एका घरातली माणसं एकाखाली एक, नावासमोर वय. चार-पाच वर्षं ती पानं हाताळली की नुसत्या आकड्यांतून घर दिसायला लागतं. ७२ चे आजोबा, ६७ च्या आजी, ४५ चा मुलगा, ४० ची सून. त्याखाली १९ किंवा २२ असा आकडा दिसला की मला बरं वाटायचं. पण असे आकडे फार कमी. आणि गल्लीत बघावं तर सकाळी साडेसहाला पहिल्या पाळीची पोरं पाठीला सॅक लावून अंबडच्या कारखान्यांच्या दिशेने निघालेली, एका मोटरसायकलवर दोघं-दोघं. गल्ली तरुणांनी भरलेली आणि यादी वयस्कर माणसांनी. हे मला पहिल्याच वर्षी खटकलं आणि शेवटपर्यंत खटकत राहिलं.

एक दिवस सांगते. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांपुढच्या मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय देशभर झाली. त्यासाठीचा १२-डी फॉर्म बीएलओने घरी नेऊन द्यायचा असतो. माझ्या यादीत एक आजी होत्या, वय ९१. सिडकोच्या दुसऱ्या स्कीममधलं घर. मूळ घर बसकं, एक खोली आणि स्वयंपाकघर, पण आता त्यावर दोन मजले चढलेले. ठरल्या दिवशी पथक आलं, मतदान कर्मचारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा मुलगा, पुठ्ठ्याचा आडोसा. आजींची कॉट भिंतीला लागून होती, शेजारी टेबल मावेना. तेवढ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी चार मुलं खाली आली. त्यांनी कॉट सरकवली, टेबल आत घेतलं, आजींच्या पाठीला दोन उशा लावून त्यांना नीट बसवलं. एकाने त्यांचा चष्मा पुसून दिला. मग पथकातल्या साहेबांनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मतदान गुप्त असतं, नियमच तसा आहे. दार लोटलं.

मी त्या मुलांबरोबर जिन्यापाशी उभी राहिले. विचारलं, "तुमची नावं कुठं आहेत रे?" एक आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातला, तिघं सुरगाण्याकडचे. चौघांचं उत्तर एकच, "मॅडम, नाव गावाला आहे." किती वर्षं झाली इथे? कोणी तीन, कोणी पाच. पाच वर्षं जो मुलगा इथलं पाणी पितो, इथल्या खड्ड्यांतून पाळीला जातो, इथे भाडं भरतो, तो इथला मतदार नाही. मतदानाच्या दिवशी गावाला जाणार का, तर पाळी बुडते, जाण्या-येण्याचा खर्च, बघू. चौघांपैकी एकच गेला, हे मला नंतर कळलं.

आत एक मत पडलं. दाराबाहेर चार उभे होते. त्या दिवसापासून पिढ्यांची दरी म्हटलं की मला ते लोटलेलं दार दिसतं. आजींचा त्यात काही दोष नाही. नव्वदी ओलांडलेली बाई उशांना टेकून मत देते याचा मला अभिमान वाटला. माझं म्हणणं त्या चौघांबद्दल आहे, आणि ते एवढंच आहे: ज्याला स्वतःचं घर आहे त्याला पत्ता आहे, ज्याला पत्ता आहे त्याचं नाव यादीत आहे, आणि घरांबद्दलचे निर्णय यादीतल्या माणसांना विचारून होतात. तरुण मतदानाला येत नाहीत, त्यांना मोबाइलमधून डोकं वर काढायला वेळ नाही, असं आपण म्हणतो. त्यातल्या कितीतरी जणांचं नाव ते राहतात त्या ठिकाणी नसतंच. हे आधी बघा.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १९ नुसार मतदार व्हायला वय अठरा पूर्ण हवं आणि माणूस त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहत असला पाहिजे. घर त्याच्या मालकीचं हवं असं कुठेही नाही. उलट कलम २० सांगतं की एखाद्याच्या मालकीचं घर तिथे आहे, एवढ्याच कारणावरून त्याला तिथला रहिवासी मानता येणार नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. हा कायदा झाला तेव्हा राज्यघटना नुकतीच लागू झाली होती. इंग्रजांच्या काळात, १९३५ च्या कायद्याखाली प्रांताच्या निवडणुकीत मत कोणाला होतं? ज्याच्याकडे जमीन होती, जो कर भरत होता, ठरावीक भाडं देत होता किंवा ठरावीक शिकलेला होता. ते सगळं मोडून आपण मत माणसाला दिलं, मिळकतीला नाही. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी, कायदा तोच असताना, व्यवहारात ते पुन्हा मिळकतीकडे सरकतंय.

यादीत नाव नसण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. त्या बायका घरात होत्या, गावात होत्या, कागदावर नव्हत्या. मी यादीत एखाद्या म्हातारीचं नाव वाचायची तेव्हा मला त्या २८ लाख जणी आठवायच्या. ती चूक देशाने पुढच्या निवडणुकीआधी मेहनतीने सुधारली. आज भाड्याच्या खोलीतल्या पोरांचं तसंच झालंय, फक्त त्याची दखल कोणी घेत नाही.

नाव का लागत नाही? कारणं दोन. एक त्यांच्याकडचं. गावाला नाव ठेवण्यात त्यांचा जीव असतो. ग्रामपंचायतीला एकेका मताची किंमत असते, चुलता उभा असतो, रेशनकार्ड तिथे असतं. हे कारण मी खोटं मानत नाही. ज्याला खरंच गावातच राहायचंय त्याने तिथेच ठेवावं. पण दुसरं कारण आपल्याकडचं, म्हणजे या सभागृहात बसलेल्या आपल्यासारख्या घरमालकांकडचं आहे. किती दारांत मला ऐकायला मिळालं, "मॅडम, भाडेकरूचं नाव नका लावू, उद्या घरावर हक्क सांगेल." अहो, मतदार यादी हा मालकीचा कागद नाही. तिच्यामुळे कोणाला घर मिळत नाही की कोणाचं जात नाही. आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत करणं बंधनकारक केलंय, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असला तर मुदत संपल्यावर घर परत मिळवायचा मार्ग त्याच कायद्यात आहे. मालकाचं संरक्षण नोंदणीत आहे, भाडेकरूला यादीबाहेर ठेवण्यात नाही. आणि तोच नोंदणीकृत करार भाडेकरूला पत्त्याचा पुरावा म्हणून मतदार नोंदणीला चालतो. एक कागद, दोघांच्या कामाचा. तरी आपण साध्या स्टँपपेपरवर सह्या घेतो, दर अकरा महिन्यांनी पोरं खोली बदलतात, आणि पत्ता बदलला की नाव पुन्हा मागे राहतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडतं? गावाला मत दिलं काय, इथे दिलं काय. बिघडतं ते असं. २०१८ साली महापालिकेने वार्षिक भाडेमूल्याचे, म्हणजे घराला वर्षाचं भाडं किती येईल असं धरून ज्यावर घरपट्टी ठरते त्याचे, दर वाढवले. वाढीव दर १ एप्रिल २०१८ पासून नोंद होणाऱ्या नव्या मिळकतींना लागले. शहरात मोठं आंदोलन झालं, तुम्हाला आठवत असेल. त्या धोरणाच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही. फक्त कोणावर काय आलं ते बघा. ज्याचं घर आधीपासून होतं त्याची पट्टी जुन्या मूल्याच्या हिशेबाने राहिली. ज्याने नंतर घेतलं, म्हणजे बहुतेक करून तिशीतल्या जोडप्यांनी, त्यांना नवा हिशेब लागला. आणि त्या नव्या फ्लॅटमध्ये जो भाड्याने राहतो तो ती पट्टी भाड्यातून भरतो, पावतीवर त्याचं नाव नसतं एवढंच.

दुसरं उदाहरण. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत, म्हणजे नाशकातही, ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प करायचा तर त्यातला २० टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीतून द्यायची, असा नियम २०१३ पासून आहे. ज्याला घर नाही त्याच्यासाठी याहून जिव्हाळ्याचा नियम दुसरा कोणता? पण प्रभागात मत मागायला आलेल्या उमेदवाराला हा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नाही. विचारणारा वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता आणि त्याचं मत सुरगाण्याला होतं. खाली जे बसले होते त्यांनी ड्रेनेजचं विचारलं, कुत्र्यांचं विचारलं, वाढीव बांधकाम कायम करण्याचं विचारलं. त्यांचंही बरोबर. त्यांना त्याची गरज होती.

आणि नगरसेवकाचं म्हणाल तर आपल्या शहरात २०१७ च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली, मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, आणि पुढे जवळपास चार वर्षं प्रशासक होते. पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. २००० साली जन्मलेली माझी एखादी विद्यार्थिनी अठराची झाली २०१८ साली. तिने आपल्या गल्लीच्या कारभारासाठी पहिलं मत दिलं ते पंचविशीत. १९८९ मध्ये घटनादुरुस्ती करून आपण मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणलं होतं. तिच्या बाबतीत, गल्लीपुरतं, ते पंचवीस झालं. या निवडणुकीच्या आधी डिसेंबरात कितीतरी मुलं विचारत आली, मॅडम आता नाव लागेल का? नाही लागत. त्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आता पैशाकडे येते. इथे मला माझ्या घरातलं सांगावं लागेल.

वडील निफाड तालुक्यातून आले, सातपूरला एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. १९८३ साली आम्हाला सिडकोचं घर मिळालं. आईने हप्त्याच्या पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, त्या अजून माझ्याकडे आहेत. हप्ता १३८ रुपये. वडिलांचा पगार तेव्हा ६४० च्या आसपास. म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा हप्त्याला गेला की बाकी घरात. १९८८ मध्ये किसान विकास पत्र निघालं, तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. आईने पाटल्या मोडून आणि भिशीचे घालून पाच हजार गुंतवले. १९९४ ला दहा हजार हातात आले, त्यात वडिलांनी पीएफमधून काढलेले घातले आणि वरचा स्लॅब पडला. त्या वेळी पीएफवर १२ टक्के व्याज होतं, सलग दहा वर्षांहून जास्त. आज तेच किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने घेतं, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. पीएफवर सव्वाआठ टक्के मिळतात.

मला कोणी चुकीचं समजू नये. तेव्हा महागाईही जास्त होती, आणि साध्या कामगाराला बँक घरासाठी दारात उभी करत नव्हती. आईवडिलांनी काय काय मारून ते घर केलं हे मी डोळ्यांनी बघितलंय. वडिलांनी चौदा वर्षं एकच सायकल चालवली. पण त्या कष्टांच्या पाठीशी तीन गोष्टी होत्या: पर्मनंट नोकरी, सरकारी महामंडळाने बांधलेलं घर, आणि बचतीला मिळणारं व्याज. कष्ट करणाऱ्याच्या पायाखाली जमीन होती. आज तेवढेच कष्ट करणाऱ्या पोराला आपण म्हणतो, "आम्ही नाही का केलं?"

माझ्या बहिणीचा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे. अंबडला कंपनीत आहे, पण ठेकेदाराकडून, चार वर्षं झाली. त्याला २६ हजार, सून पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिला १४. दोघांचे मिळून ४०. पाथर्डी फाट्याला भाड्याने राहतात. त्यांनी एक फ्लॅट बघितला, सगळं धरून ४२ लाखांच्या आसपास. ३५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता तीस हजारांच्या पुढे जातो. वडिलांचा पाचवा हिस्सा जात होता, याचे चारातले तीन हिस्से जातील. आणि बँकेने पहिला प्रश्न विचारला तो हाच, पर्मनंट आहात का? मुलीच्या वडिलांनी लग्नाआधी विचारला होता तोच प्रश्न.

आता माझ्या भावाच्या मुलाकडे बघा. तोही तिशीतलाच, दोघं आते-मामे भाऊ एकाच अंगणात खेळले. नोकरी साधारण सारखी. पण तो आजोबांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो. भाडं नाही, हप्ता नाही. त्याने मागच्या वर्षी चारचाकी घेतली. त्याचं नाव यादीत आजोबांच्या घर क्रमांकासमोर आहे. अठराचा झाला तेव्हा मीच त्याचा नवीन नाव लावण्याचा फॉर्म ६ भरून घेतला होता.

या दोघांत फरक कशाने पडला? एका सहीने. वडील गेले २००८ ला. मृत्युपत्र नव्हतं. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर, तेव्हा १९५६ च्या वारसा कायद्याने आई, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी, चौघांचा सारखा हिस्सा. २००९ मध्ये आम्ही दोघींनी हक्कसोडपत्र केलं, आपापला हिस्सा भावासाठी सोडला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात रांगेत बसलो, फोटो काढला, अंगठा दिला, सही केली. भावाने दोघींना साड्या घेतल्या, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला तो सांभाळत होता, शेवटपर्यंत सांभाळलं. तेव्हा मला वाटलं की आपण माहेर राखलं. आजही भावाबद्दल माझ्या मनात काही नाही.

पण मंडळी, त्या दिवशी बहिणीने सही केली तेव्हा तिचा मुलगा बारा वर्षांचा होता, बाहेर बाकावर बसून वडापाव खात होता. त्याच्या हिश्शाची जमीन तेव्हा त्याच्या पायाखालून गेली. तिला कळलं नाही, मला कळलं नाही. मी शिकलेली, पगारदार, नवऱ्याचं घर असलेली. माझं निभलं. तिचं निभलं नाही. म्हणून पिढ्यांची दरी म्हणताना मी सगळे म्हातारे सुखी आणि सगळे तरुण वंचित असं म्हणत नाही. एकाच पिढीत, एकाच आजोबांच्या नातवंडांत ही दरी आहे. घर ज्याच्या वाट्याला आलं तो एका काठावर, ज्याच्या आईने सही करून दिली तो दुसऱ्या. गेल्या तीस-चाळीस वर्षांत नाशकात किती मिळकत अशी मुलींच्या अंगठ्यावरून मुलांकडे गेली असेल, याचा विचार तुमच्या घरापासून करा. मखमलाबाद-आडगावच्या द्राक्षमळ्यांचे ज्यांनी प्लॉट पाडले, त्यांच्या सातबाऱ्यांवर बहिणींची नावं होती का, आता आहेत का, ते ज्याचं त्याला माहीत आहे.

ज्येष्ठांची दुसरी बाजूही सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांची ती आहे. सातपूर-अंबडच्या खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शन किती? १९९५ ची ती कर्मचारी पेन्शन योजना. पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं, आणि पगार धरायचा तो मर्यादेपर्यंतच. २०१४ पर्यंत ती मर्यादा साडेसहा हजार होती. आयुष्यभर मशीनवर उभं राहिलेल्या माणसाच्या हातात दीड-दोन हजार रुपये येतात. त्याच्याकडे आज साठ लाखांचं घर आहे आणि औषधाला पैसे नाहीत. म्हणून तो वरचा मजला भाड्याने देतो. ते भाडं म्हणजेच त्याची पेन्शन. वरच्या पोराच्या पगारातून खालच्या आजोबांची ब्लडप्रेशरची गोळी येते. ही दोन माणसं एकमेकांच्या आधाराने जगतात, आणि निवडणूक आली की त्यातल्या एकाकडेच उमेदवार येतो.

आमच्या स्टाफरूममध्ये मी हे दुसऱ्या रूपात पाहिलं. एकाच वर्गाच्या दोन तुकड्या शिकवणाऱ्या दोन शिक्षिका. एक १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली, तिला जुनी पेन्शन. दुसरी नंतरची, तिला नाही. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा आम्ही जुन्या पेन्शनवाल्या त्यांच्याबरोबर बसलो. मला तो आठवडा फार मोलाचा वाटतो. ज्याला मिळालंय तो ज्याला मिळालं नाही त्याच्यासाठी रस्त्यावर बसला. घराच्या बाबतीत असं कधी होईल?

मला वाटतं त्याची सुरुवात अगदी लहान कामापासून आहे, म्हणून त्या आजींच्या घराचं पुढचं सांगते. लोकसभा झाल्यावर मी आजींच्या मुलाशी बोलले. साठीतले गृहस्थ, कंपनीतून निवृत्त. त्यांना तीच भीती होती, नाव लावलं तर हक्क सांगतील. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा त्यांना करार ऑनलाइन नोंदवून द्यायला लावला. सुरगाण्याच्या दोघांनी फॉर्म ८ भरला, पत्ता बदलण्याचा. बाकी दोघांनी नाव गावालाच ठेवलं, त्यांची इच्छा. त्या हिवाळ्यात आजी गेल्या. त्यांचं नाव वगळण्याचा फॉर्म ७ मीच भरून घेतला. निवृत्तीआधी माझ्या हातून झालेल्या शेवटच्या कामांपैकी ते एक. यंदा जानेवारीत मतदानाच्या दिवशी मी केंद्रावर मतदार म्हणून गेले, तेव्हा माझ्या जागी आलेल्या बाईंकडे यादी होती. ते पान मी बघितलं. त्या घर क्रमांकासमोर मुलगा, सून, आणि त्याखाली दुसऱ्याच आडनावाची दोन नावं, वय २४ आणि २६. दोन्ही नावांपुढे मतदान झाल्याची खूण होती.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे भाडेकरू आहेत त्यांना एक विनंती. या आठवड्यात त्यांना विचारा, नाव कुठे आहे. इथे लावायचं म्हणाले तर नोंदणीकृत कराराची प्रत द्या. तो झाला नसेल तर आधी तो करून घ्या, त्यात तुमचंही भलं आहे. नव्या मतदाराला फॉर्म ६, पत्ता बदलायला फॉर्म ८. अठरा पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षातून चार धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे नातवंडांसाठी पुढच्या जानेवारीची वाट बघत बसू नका. आणि ज्यांच्या घरी वारसाचे कागद व्हायचे आहेत त्यांनी मुलींना सहीच्या आधी बसवून हिस्सा किती होतो ते आकड्यात सांगा. मग त्यांनी काय करायचं ते त्या ठरवतील.

दोन्ही फॉर्म मागच्या टेबलावर ठेवलेत. भरताना अडलं तर मी इथे साडेनऊपर्यंत आहे. फोटो नसेल तर उद्या आणलात तरी चालेल.